सांग, पण पाहिलंस तेवढंच

आदरणीय मावशी, सलाम.

मी २८ वर्षांची, अहिल्यानगरला बँकेत नोकरीला आहे. आजोबा पाळक होते, त्यामुळे चर्च म्हणजे दुसरं घरच. गेल्या ऑक्टोबरअखेर मी एकटी मेघालयला गेले. सोहरा म्हणजे चेरापुंजी, तिथल्या जवळच्या टायर्ना गावातून पायऱ्या उतरून नोंग्रियाटचा मुळांचा दुमजली पूल पाहिला, पुढे रेनबो धबधब्यापर्यंत गेले आणि परत चढताना अर्ध्या वाटेत संपले. पाय लटपटायला लागले, पावणेपाचलाच अंधारून आलं, मोबाइलची बॅटरी बारा टक्क्यांवर. पायरीवर बसून रडले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हणून पाहिलं, प्रार्थना केली. मावशी, काहीच झालं नाही. ना शांती, ना धीर. आत नुसतं रिकामं. तेवढ्यात पाठीवर टोपली घेतलेली एक खासी बाई खालून आली. तिने टोपली उतरवली, मला दोन केळी दिली, बाटलीतला गार झालेला गोड कोरा चहा पाजला आणि टॉर्च धरून माझ्या मागेमागे चढत टायर्नापर्यंत सोडलं. ‘खुब्लेई’ म्हणाली आणि गेली.

घरी येऊन आईला सांगितलं, आईने पाळकसाहेबांना. आता तरुण संघाच्या रविवारी मी साक्ष द्यायची, म्हणजे देवाचा आलेला अनुभव मंडळीपुढे सांगायचा, असं ठरलंय. सगळे म्हणतात, प्रभूने तुझ्यासाठी देवदूत पाठवला, तसंच सांग. पण मला त्या वेळी तसं काही जाणवलंच नव्हतं. तसं सांगितलं तर खोटं होईल. खरं सांगितलं तर लोक म्हणतील हिचा विश्वासच नाही. कदाचित नसेलही. आणि आई म्हणते, यापुढे एकटीने कुठेही जायचं नाही. मी काय करू? ता. क. त्या बाईचा एक पाठमोरा फोटो तेवढा माझ्याकडे आहे, त्यात टोपली आणि निळी शाल दिसते. टायर्नात एकांकडे सामान ठेवलं होतं, त्यांचा नंबरही आहे.

—

बाळ, सलाम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या गार कोऱ्या चहापाशी थांबले. मी ३४ वर्षं परिचारिका होते. तेव्हा विश्वासाचं नंतर बोलू, आधी तुझ्या शरीराचं बोलते.

सकाळी काय खाल्लंस ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे बहुधा फार काही खाल्लं नव्हतंस. टायर्नापासून नोंग्रियाटपर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या. जाताना सगळा उतार, म्हणून माणसाला सोपं वाटतं. पण उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पायरीला ब्रेक लावत असतात, आणि त्याचा हिशेब परत चढताना चुकवावा लागतो. त्यात ती दरी. त्याच सोहरात १८६० च्या ऑगस्टपासून १८६१ च्या जुलैपर्यंत २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि आपल्या नगरला वर्षाकाठी जेमतेम पाच-सहाशे. तू कोरड्या हवेत वाढलेली. तिथल्या वर्षावनात घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही आणि मीठ मात्र वाहून जातं. वर पोटात काही नाही. रक्तातली साखर उतरली की पाय लटपटतात, रडू येतं, सगळं संपलंसं वाटतं, मन कशावर ठरत नाही. हे मी वॉर्डात इतक्या वेळा पाहिलंय. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेली म्हातारी माणसं सकाळी देवाला शिव्या घालायची आणि दुपारी पेज पोटात गेली की स्तोत्र म्हणायची. सकाळी त्यांचा विश्वास गेला होता आणि दुपारी परत आला, असं मला कधी वाटलं नाही.

त्या पायरीवर तुला जे रिकामं वाटलं, त्यावरून तुझ्या विश्वासाचा निकाल लावू नकोस. त्या वेळी तुझ्यात काही जाणवून घ्यायचं त्राणच नव्हतं.

तुझ्या आजोबांनी तुला बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली असेलच. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळाला आणि लगेच तो जीव घेऊन पळाला. बैर-शेब्याला चाकराला मागे ठेवलं आणि एकटाच रानात एक दिवसाची मजल मारून गेला. हो, एकटाच, तुझ्यासारखा. झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, आता मरण दे. आणि झोपी गेला. आता पुढचं नीट बघ. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. तुझा विश्वास कुठे गेला, असं विचारलं नाही. हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीयाने खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा आडवा झाला. देवदूताने त्यालाही हरकत घेतली नाही. दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खायला घातलं, म्हणाला, वाट लांबची आहे, तुला झेपायची नाही. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी देवाची ती मंद वाणी, हे सगळं त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. आपण उपदेशात मंद वाणीवर तासभर बोलतो आणि भाकर एका वाक्यात उरकतो. मला आता वय झाल्यावर भाकरीचंच जास्त महत्त्व वाटतं.

तुला केळी मिळाली आणि चहा मिळाला. तू झुडपाखालीच होतीस, बाळ. होरेब अजून पुढे असेल.

आता साक्षीचं. इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

मी तेव्हा २४ वर्षांची होते. पावसाळ्यात एका घाटात आमची वडापची जीप उलटली. माझा पाय सीटखाली अडकला होता, वरून पाणी येत होतं. एक धनगर मेंढरं सोडून धावत आला. त्याने काठी घालून सीट उचकटली, मला ओढून काढलं, स्वतःची घोंगडी माझ्याभोवती गुंडाळली आणि दुसरी गाडी येईपर्यंत तो पावसात तसाच उघड्या अंगाने उभा राहिला. त्या घोंगडीचा वास, ओल्या लोकरीचा आणि धुराचा, मला अजून आठवतो. महिन्याभराने मला साक्ष द्यायला उभं केलं. मी म्हणाले, गाडी उलटताना मला वाणी ऐकू आली, भिऊ नको, आणि प्रभूने मला हाताला धरून बाहेर काढलं. मंडळी रडली. माझी आई रडली. मला वाणी ऐकू आली नव्हती. मी नुसती ओरडत होते. आणि त्या साक्षीत धनगराचं नावनिशाण नव्हतं. प्रभूने हाताला धरून काढलं म्हटल्यावर धनगराला जागा कुठे राहणार?

पुढे कितीतरी वर्षं लोक मला ती साक्ष पुन्हा द्यायला सांगायचे आणि मी द्यायची. दर वेळी वाणी थोडी मोठी व्हायची. मग एकदा रात्रपाळीला एका धनगर बाईचं बाळंतपण मी केलं. तिच्या नवऱ्याने बाळाला घोंगडीत घेतलं, आणि मला तो वास आला. त्या रात्रीनंतर ती साक्ष मी परत दिली नाही. नंतर त्या घाटात दोनदा जाऊन त्या माणसाची चौकशी केली. तो मला सापडला नाही.

म्हणून सांगते. साक्ष म्हणजे साक्षीदाराने पाहिलेलं सांगणं. कोर्टात काय, चर्चमध्ये काय, शब्द एकच आहे आणि अर्थही एकच. दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको अशी एक आज्ञा आहे. ती आपण चोरीच्या आळापुरती धरतो. शेजारी होता आणि त्याला गाळून टाकलं, तर तीही त्याच्याविरुद्धची खोटी साक्षच नाही का?

तुझ्या त्या बाईकडे बघ जरा. तिला देवदूत म्हटलं की तिचं नाव विचारायची गरज उरत नाही. देवदूताचे गुडघे दुखत नाहीत, त्याला घरी जाऊन चूल पेटवायची नसते. तिला होती. तिच्या पाठीवर टोपली होती आणि टोपलीचा पट्टा कपाळाला लावलेला असणार. खासी लोक ओझं तसंच वाहतात. त्या उतारावर सुपारीच्या बागा आहेत, तमालपत्राची झाडं आहेत. दिवसभर तिथे राबून ती घरी निघाली असेल. तू ज्याला जंगल म्हणतेस तो त्या बायकांचा कामावर जायचा-यायचा रस्ता आहे. खालच्या गावांत तांदळापासून सिमेंटपर्यंत सगळं माणसांच्या पाठीवरूनच उतरतं. तू जो पूल बघायला गेलीस, तोही जंगलात आपोआप उगवलेला नाही. रबराच्या वडाच्या पारंब्या पोकळ सुपारीच्या खोडांतून ओढ्यापलीकडे वळवत नेतात. त्यावर माणसाचा भार घालण्याजोगा पूल व्हायला पंधरा ते तीस वर्षं जातात. त्या दरीत माणसं किती पिढ्या एकमेकांसाठी वाट करत आली आहेत, ते त्या पुलावर उभं राहून कळतं. त्यातलीच एक तुझ्यामागे टॉर्च धरून चढली. पुढे नाही, मागे. तू घसरलीस तर तुझ्यामागे कुणीतरी हवं, हे तिला न सांगता कळत होतं.

आणि ‘खुब्लेई’ हा शब्द तुला कळला का? माझ्याबरोबर शिलाँगची एक परिचारिका होती, ती ड्यूटी संपताना रोज तो म्हणायची. आभार मानतानाही म्हणतात, निरोप घेतानाही म्हणतात, आणि त्याचा अर्थ देव तुझं भलं करो असा आहे. तू देवाकडे काहीतरी मागत बसली होतीस, काही ऐकू आलं नाही म्हणतेस. मी यातून काही सिद्ध करत नाही. शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला.

ती ख्रिस्ती असेलच असंही धरू नकोस. सोहराला वेल्सहून टॉमस जोन्स १८४१ साली पोचले, त्यांनी खासी भाषा रोमन लिपीत लिहायची पद्धत बसवली, आणि आज तिथे गावोगावी चर्च आहे. आपल्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं ते १८३१ साली, म्हणजे आपण त्यांचे दहा वर्षांनी वडील भाऊ. पण स्वतःचा जुना खासी धर्म पाळणारीही पुष्कळ माणसं तिथे आहेत, आणि ‘खुब्लेई’ तीही म्हणतात. ती कुणीही असो. वाटेत पडलेल्या जखमी माणसाला परक्या शोमरोनी माणसाने उचललं, त्या येशूच्या दृष्टान्तात जखमी माणसाने त्याचा धर्म विचारला नव्हता.

तर मग देवाने तिला पाठवलं की नाही? मला विचारशील तर मी हो म्हणेन. पण ते मी मानते, मी पाहिलेलं नाही. या दोन शब्दांतलं अंतर तू साक्षीत राखलंस की झालं. पाहिलं ते पाहिलं म्हणून सांग. मानत असशील ते मानते म्हणून सांग. आणि जे अजून मानता येत नाही ते मोकळं ठेव. तशी साक्ष अशी काहीशी होईल: “मी थकले होते. नीट तयारी न करता गेले होते. प्रार्थना केली, पण मला काहीही जाणवलं नाही. मग एक बाई आली. तिने मला केळी दिली, चहा दिला आणि घरी पोचायला उशीर होत असताना माझ्यामागे चढत आली. मी तिचं नाव विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं. देवाने तिला पाठवलं का, हे मला त्या क्षणी कळलं नाही. मी अजून त्याचा विचार करते आहे.” दोन मिनिटांत संपेल. कुणी रडणार नाही कदाचित. पण मागच्या बाकावर एखादी मुलगी असेल, जिला प्रार्थनेत कधीच काही जाणवत नाही आणि जी ते कुणाला सांगू शकत नाही. तिला तुझ्या दोन मिनिटांनी आधार मिळेल.

लोक काय म्हणतील, याची भीती मला कळते. पंडिता रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली तेव्हा त्या सगळ्या देशाला ठाऊक होत्या. दुष्काळात त्यांचं सगळं कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात मरायला म्हणून शिरलं, अकरा दिवस-रात्र पाणी, पाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले, हे त्यांनी जसंच्या तसं लिहिलं. त्यात चमत्कार घातला नाही. आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे, १८८३ साली बाप्तिस्मा घेऊनही मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कळायला आठ वर्षं लागली, असंही त्यांनी लिहून ठेवलं. एवढी मोठी बाई आठ वर्षांचं रिकामपण जगासमोर मांडते. आपल्या मंडळीने तेवढं ऐकून घ्यायला हरकत नसावी.

आधी पाळकसाहेबांना एकटं गाठ आणि ही दोन मिनिटं त्यांना वाचून दाखव. ते तशी साक्ष नको म्हणाले, तर त्या रविवारी बोलू नकोस, पण त्यांना हवी तशी करूनही देऊ नकोस. माझा अनुभव असा की पाळक लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त ऐकून घेतात. रात्री-अपरात्री मरणाच्या खाटेपाशी ते उभे राहिलेले असतात, आणि प्रार्थना करूनही काही जाणवलं नाही ही गोष्ट त्यांना नवीन नसते.

आता आई. तिचं भय खोटं नाही. तू अंधारात, बॅटरी संपत आलेली, ओळखीचं कुणी नाही, अशा ठिकाणी बसली होतीस, हे ऐकल्यावर कुठल्या आईला झोप येईल? पण एकटीने जायचंच नाही, हे मला पटत नाही. प्रभू येशू पहाटे उठून एकटा रानात जायचा, लोकांना निरोप देऊन एकटा डोंगरावर जायचा. एकट्याने चालताना जे होतं ते चारचौघांत होत नाही, हे तुला ठाऊक आहे म्हणूनच तू गेलीस. फक्त वाट चढायची तर सोबतीने, हेही जुनंच शहाणपण आहे. यरुशलेमेला चढून जाताना यात्रेकरू जी आरोहणस्तोत्रं म्हणायचे, ती पंधराच्या पंधरा घोळक्याने चालत म्हणायची स्तोत्रं. बारा वर्षांचा येशू मागे राहिला तरी आईबापांना, मरीया-योसेफांना, दिवसभर पत्ता लागला नाही, कारण सगळं गाव एकत्र चाललं होतं. तेव्हा आईला सांग, मी जाईन, पण अशी जाणार नाही, आणि पुढच्या वेळी कशी जाणार ते कागदावर लिहून तिच्या हातात दे.

त्या कागदावर पहिली ओळ सूर्यास्ताची असू दे. आपली अख्ख्या देशाची घड्याळं एक, पण मेघालय किती पूर्वेला! आपल्याकडे ऑक्टोबरअखेर सहापर्यंत उजेड असतो, तिथे पावणेपाचला सूर्य बुडतो आणि दरीत त्याच्याही आधी अंधारतं. नगरचं घड्याळ डोक्यात ठेवून चालणारा तिथे हमखास फसतो. दुसरं, नोंग्रियाटला राहा. तिथे गावकऱ्यांच्या घरी मुक्कामाची सोय होते. सकाळी उतर, पूल बघ, जेव, झोप, दुसऱ्या दिवशी धबधबा करून ये आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ताज्या पायांनी वर चढ. एका दिवसात उतरून, पुढे जाऊन, परत चढायचं हे धडधाकट माणसालाही जड जातं. वाटाड्या घे. टायर्नाला बांबूची काठी मिळते, ती घे. शेवाळलेल्या पायरीवर ती तिसरा पाय होते. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एका लिटर पाण्यातच कालव, अर्ध्या बाटलीत घट्ट करू नकोस. नुसतं पाणी ढोसत राहू नकोस, दर तासाला काहीतरी खा, गूळ-शेंगदाणे उत्तम. आणि कधी तुला किंवा सोबतच्या कुणाला बरळल्यासारखं झालं, किंवा उकाड्यात घाम यायचाच थांबला, तर तो थकवा समजू नकोस. तिथेच सावलीत झोपवायचं, अंग ओलं करायचं आणि मदत बोलवायची.

एक रविवार तिथेच काढता आला तर बघ. त्या भागात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, प्रवासी वैतागतात. तू वैतागू नकोस, चर्चमध्ये जाऊन मागे बस. भाषा कळणार नाही. पण वेल्स मिशनऱ्यांनी आणलेल्या चाली तिथे अजून गातात, आणि आपल्याही गीतांना परदेशी चाली आहेतच. एखादी ओळखीची निघाली तर तू मराठीत म्हण. कुणी काही म्हणणार नाही.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंस की त्या बाईचा एक फोटो आहे, पाठमोरा, त्यात टोपली आणि निळी शाल दिसते. तो आधी टायर्नात ज्यांच्याकडे तू सामान ठेवलं होतंस त्यांना पाठव आणि विचार, ही कोंग कोण? कोंग म्हणजे ताई, तिथे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. गाव लहान आहे, शालीवरूनही ओळखतील. साक्षीच्या रविवाराला अजून दिवस आहेत. नाव कळलं तर साक्षीत ते नाव घे. फोन शक्यतो संध्याकाळी कर, आणि रविवारी सकाळी करू नकोस, बहुतेक घरं चर्चला गेलेली असतात.

तुझी,
मावशी